पद्मिनी-अँबॅसॅडरच्या हेडलाइटचा फॉल्ट घरच्या घरी कसा शोधायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. कुणाच्या पोर्चमध्ये प्रीमियर पद्मिनी, कुणाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली अँबॅसॅडर, नाहीतर मळ्यात जुनी जीप. हल्ली पोरं आजोबांची गाडी बाहेर काढतात, डेंटिंग-पेंटिंग करतात, सीट नवीन शिवून घेतात, हौसेनं रविवारी फिरवतात, खरं रात्री कुठं जायचं म्हटलं की नको म्हणतात, कारण लाईट लावली की समोर नुसता पिवळा मिणमिणता उजेड. आणि आपल्याकडं गळीत हंगामात रात्री गाडी चालवायची म्हणजे उसाच्या ट्रॉल्या आल्याच, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला. चोर्ल्याच्या घाटात धुकं असलं तर विचारूच नका. म्हणजे हेडलाइट हा काय शोभेचा विषय नाही.

बहुतेक जण काय करतात, आधी बल्ब बदलतात. मग कुणीतरी सांगतं म्हणून १००/९० वॅटचा जास्त ताकदीचा बल्ब टाकतात, मग एलईडी, मग बॅटरी, मग डायनामोवाल्याकडं (डायनामो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) फेरी. खिसा रिकामा होतो आणि लाईट आहे तशीच. माझं म्हणणं एवढंच की पार्ट बदलायच्या आधी करंट कुठपर्यंत नीट पोचतोय आणि कुठं अडतोय ते बघायचं. जुन्या गाडीत दहातल्या आठ वेळा दोष जॉइंटमध्ये नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत जायच्या वाटेत, सापडतो, आणि तो पॉलिश पेपर आणि दोन फूट वायरमध्ये मिटतो.

सामान काय लागतंय ते आधी. साधा डिजिटल मल्टीमीटर, स्वस्तातला चालतो. एक टेस्ट लॅम्प, तो घरीच करा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला मगरक्लिपा. पाने, स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, वायर ब्रश, व्हॅसलीन, थोडी अडीच स्क्वेअर एमएमची वायर, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची जोडणी) आणि लग दाबायची पक्कड. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला पाना लागून तो बॉडीला चिकटला तर पाना लाल होतो आणि अंगठी असली तर बोट भाजतं. कुठलीही वायर सोडायची तर बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा, लावताना शेवटी लावायचा. पेट्रोलचा वास येत असेल तर तो आधी बंद करा, लाईट नंतर.

अजून एक. काही जुन्या गाड्यांत, खास करून ब्रिटिश घराण्यातल्या, पॉझिटिव्ह अर्थ असतं. बॅटरीची कुठली तार बॉडीला गेलीय ते डोळ्यानं बघून घ्या. मी पुढं जे लिहितोय ते निगेटिव्ह अर्थ धरून, तुमची उलटी असेल तर सगळं उलटं वाचा.

आता गाडी काय सांगते ते बघायचं. लाईट लावा, समोर जाऊन उभं राहा, आणि नुसतं "पेटत नाही" म्हणून सोडू नका, नीट बघा. दोन्ही मंद आहेत की एकच? अप्पर (लांबचा उजेड) चांगला आणि डिपर (खाली पडणारा जवळचा उजेड) मंद, की दोन्ही? इंडिकेटर दिला की त्याच तालावर हेडलाइट पण फडफडतोय का? ॲक्सिलरेटर दिला की उजेड वाढतोय का? खड्ड्यात गेली की जातो आणि पुढच्या खड्ड्यात परत येतो का?

एकच बाजू मंद असेल तर दोष त्या बाजूला आहे, म्हणजे बल्ब, होल्डर, त्या बाजूचा अर्थ. दोन्ही मंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे बॅटरी, स्विच, नाहीतर अप्पर-डिपर बदलायचा स्विच, त्याला पण डिपरच म्हणतात. नुसता डिपर जात असेल आणि अप्पर राहत असेल तर अर्थ बरोबर आहे म्हणून समजा, कारण अर्थ दोघांना एकच असतो. एवढ्यावरच निम्मं काम होतंय, पाना हातात न घेता.

ॲक्सिलरेटर दिल्यावर उजेड वाढतो ही तक्रार डायनामोवाल्या गाडीची असेल तर घाबरू नका. डायनामो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही, सिग्नलला थांबलं की लाईट उतरणार, ते त्याच्या स्वभावातच आहे. नंतरच्या गाड्यांत डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, त्यात असं व्हायला नको.

मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजा, १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवतील. इंजिन चालू करून थोडी रेस ठेवून मोजलं की १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला पाहिजे. त्याहून बरंच कमी असेल तर बेल्ट, डायनामो, कटआऊट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि तुमचे बल्ब सारखे का उडतात ते कळालं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यानं धुऊन, घासून, घट्ट करून वर व्हॅसलीन लावा.

बल्बवर जास्त वेळ घालवू नका. काढून फिलामेंट बघा, काच काळी पडली असेल तर बदला, सुट्टा नेऊन बॅटरीवर डायरेक्ट लावून बघा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. एच-४, म्हणजे अप्पर-डिपर दोन्ही एकात असलेला हॅलोजन बल्ब, त्याच्या मागं तीन पट्ट्या असतात, वरची आडवी डिपरची, बाजूच्या दोन म्हणजे अप्पर आणि अर्थ. पण गाडी जुनी, वायरिंगला किती जणांचा हात लागलाय देव जाणे, त्यामुळं रंगावर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्प लावून कुठली कसली ते खात्री करा.

आता अर्थ. इथं सावकाश बसायचं, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथंच अडकतात.

करंट बॅटरीतून बल्बपर्यंत गेला तर त्याला परत यायला पण वाट लागतेय. ती वाट म्हणजे बल्बच्या होल्डरपासून एक छोटी वायर, ती बॉडीला स्क्रूनं आवळलेली, आणि बॉडीतून जाडी पट्टी बॅटरीला. तो स्क्रू बहुतेक वेळा मडगार्डच्या आत नाहीतर रेडिएटरच्या सपोर्टवर असतो, चिखल-पाणी सगळं खातो. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळा काढलेली गाडी असेल तर तो स्क्रू उघडून बघा, खाली तपकिरी पापुद्रा आणि लग हिरवी झालेली दिसेल. आणि नुकतीच पेंट करून आणलेली गाडी असेल तर याहून गंमत, पेंटरनं बॉडी मस्त केलेली असते, रेड ऑक्साइड, पुट्टी, दोन हात रंग, आणि वायर परत त्या रंगावरच आवळलेली. रंगातून करंट जात नाही. "पेंटिंगच्या आधी लाईट बरी होती" असं कुणी म्हटलं की मी थेट तो स्क्रूच उघडतो.

एका काकांच्या पद्मिनीत असंच होतं. डिपर लावला की डॅशवरचा अप्परचा निळा दिवा बारीक पेटायचा, डावा हेडलाइट लालसर, आणि जवळ जाऊन बघितलं तर डाव्या बल्बात दोन्ही फिलामेंट एकाच वेळी थोडं थोडं तापलेलं. मेस्त्री म्हणाला स्विच आतून शॉर्ट झालाय, स्विच बदला. खरं तसं नव्हतं. डाव्या बल्बचा अर्थ तुटला की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला घरी जायला रस्ता नाही, मग तो त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरीतून उजव्या बल्बकडं जातो आणि तिथून बॉडीला लागतो, वाटेत डॅशवरच्या निळ्या दिव्याला पण थोडा शिवून जातो. हे लक्षण दिसलं की शंभर टक्के अर्थ. स्क्रू काढला, खालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरडला, नवीन लग, घट्ट आवळून वर व्हॅसलीन, आणि डाव्या-उजव्यात फरक सांगता येईना.

तपासायची पद्धत दोन. सोपी अशी की जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं आणि लाईट चालू असताना दुसरं टोक बल्बच्या अर्थच्या पट्टीला टेकवायचं. उजेड एकदम वाढला तर अर्थ खराब, पुढं काही मोजायची गरज नाही. दुसरी मीटरची, तो २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन बल्बच्या अर्थ पट्टीला, लाईट चालू. ०.२ च्या आत असेल तर झकास, अर्धा-एक व्होल्ट दाखवत असेल तर तेवढा करंटचा जोर परतीच्या वाटेवर वाया जातोय. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या दोन जाड पट्ट्या पण बघून घ्या, वेणीसारखी विणलेली पट्टी वरून धड दिसते आणि आतून भुगा झालेली असते.

अर्थ बरा निघाला तर पॉझिटिव्हची वाट. इथं नवीन लोकांची एक चूक हमखास होते, बल्ब काढून सॉकेटमध्ये मीटर लावतात, १२ व्होल्ट दाखवतो, आणि म्हणतात वायरिंग ओके. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, वायरीचे सगळे तंतू तुटून एकच उरला असेल तरी तो १२ दाखवणार. बल्ब लावून, लाईट चालू ठेवूनच मोजायचं.

लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन बल्बच्या डिपर पट्टीवर. मीटरवर जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. समजा २.१ आला. आता काळी पिन मागं मागं आणायची. स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर ०.३, स्विचमधून बाहेर पडणाऱ्यावर १.१, डिपरमधून बाहेर १.७, आणि बल्बवर २.१. म्हणजे स्विचनं ०.८ खाल्लं, डिपरनं ०.६, पुढच्या जॉइंटनी ०.४. चोर एक नाही, तिघं आहेत, आणि तुम्हाला प्रत्येकाचा हिस्सा माहिती झाला. मेस्त्रीकडं गेलात तरी हे आकडे कागदावर लिहून न्या, मग तो पण अंदाजानं पार्ट सांगत नाही.

दोन व्होल्ट म्हणजे काय मोठं असं वाटेल. खरं बल्बचा उजेड व्होल्टेजच्या हिशेबात उतरत नाही, त्याच्याहून फार जोरात उतरतो, व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळपास तीस टक्के जातो. १२.४ च्या जागी १०.३ मिळत असेल तर उजेड निम्म्याच्या आसपास राहतो. म्हणून नवीन बल्ब टाकून पण फरक पडत नाही. आणि जे व्होल्टेज स्विचमध्ये हरवतं ते तिथं उष्णता होऊन बसतं, ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण ९ अँपिअर, त्यात ०.८ व्होल्ट गेलं तर सात वॅटच्या आसपास उष्णता त्या एवढ्याशा स्विचच्या पोटात. दहा मिनिटं लाईट चालू ठेवून स्विच आणि जॉइंटना हात लावून बघा, जो गरम लागतोय तोच दोषी.

जॉइंट म्हणजे काय ते एकदा उघडून बघाच. वायरिंगमध्ये बुलेट कनेक्टर असतात, गोल पिन रबराच्या नळीत घुसलेली. नळी सरकवली की पिनवर हिरवट पावडर दिसते, वायर थोडी वाकवली की कुरकुर आवाज करते आणि इन्सुलेशनच्या आत तांबं काळं पडलेलं असतं. काळी पडलेली वायर पॉलिश करून भागत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापायची आणि नवीन लग दाबायची. नुसती पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत सोडा, उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी बसतं. फ्यूजबॉक्समध्ये पण हेच, चिनी मातीचे फ्यूज ज्या पितळी जिभांवर बसतात त्या ढिल्या आणि काळ्या होतात, फ्यूज चांगला असून करंट जात नाही. फ्यूज बोटानं फिरवून बघा, लाईट लपलप करत असेल तर जिभा घासून थोड्या आत दाबा.

जुन्या अँबॅसॅडर आणि जीपला डिपर पायात असतो, डाव्या पायानं दाबायचा. चप्पल-बुटांचा चिखल, फ्लोअरमध्ये शिरलेलं पाणी सगळं त्याच्यावर, त्यामुळं या गाड्यांत मी डिपर आधी धरतो. दोन-चार वेळा दाबल्यावर लाईट येते-जाते असं असेल तर उघडून साफ करा, नाहीतर नवीन टाका, महाग नाही. पद्मिनीत तो स्टिअरिंगच्या दांडीवर असतो, तिथं वायरी वळून वळून तुटतात, स्टिअरिंग फिरवताना लाईट गेली तर तिथंच बघा.

फ्यूज सारखा उडत असेल तर वेगळा खेळ. जास्त अँपिअरचा फ्यूज नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालायची नाही, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. दोन्ही हेडलाइटचे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी आपला २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. लाईटचा स्विच लावा. बल्ब काढलेले आहेत म्हणजे टेस्ट लॅम्प विझलेला राहायला पाहिजे, त्याच फ्यूजवर पार्किंग किंवा दुसरं काही असेल तर ते पण काढून ठेवा. पेटला तर कुठंतरी वायर बॉडीला लागलीय. आता तो पेटलेला ठेवून वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जा, ग्रिलच्या मागं, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात, हेडलाइट ज्यात बसतो त्या बादलीत जिथं पत्र्याची धार आहे तिथं. ज्या जागी हलवल्यावर लॅम्प विझतो तिथं शॉर्ट. टेस्ट लॅम्प करंट अडवून धरतो म्हणून काही जळत नाही, निवांत शोधा. भाताच्या पोत्यांशेजारी गाडी उभी असेल तर उंदरानं कुरतडलेली वायर हमखास सापडते.

सगळं साफ करून पण अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या खाली तोटा येत नसेल तर रिले टाका, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. आधी सफाई, मग रिले, हा क्रम महत्त्वाचा, कारण सडक्या अर्थवर रिले टाकून काही मिळत नाही. अप्परला एक, डिपरला एक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून अडीच एमएमची वायर, ८७ वरून बल्बला, ८५-८६ पैकी एकाला जुन्या डिपरमधून आलेली वायर आणि दुसऱ्याला अर्थ. आता जुन्या स्विचमधून ९-१० अँपिअरच्या जागी अर्धा अँपिअर पण जात नाही, तो तुमच्या नातवापर्यंत टिकेल. फ्यूज प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा, ६०/५५ च्या (अप्पर ६० वॅट, डिपर ५५) बल्बच्या जोडीला पुरतो, आणि शक्यतो बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं. १००/९० चे बल्ब मात्र नको, अप्परला जवळपास १७ अँपिअर ओढतात, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी उडते आणि समोरचा शिव्या घालतो. एलईडीचं पण तेच, जुना रिफ्लेक्टर फिलामेंटच्या हिशेबानं घडवलेला असतो, उजेड भिंतीवर पांढरा दिसतो आणि रस्त्यावर विस्कटतो.

पॉप-अप, म्हणजे लावल्यावर बॉडीतून वर येणाऱ्या हेडलाइटवाल्या गाडीबद्दल पण पोरं विचारतात, माझदा मियाटा वगैरे मोबाइलवर बघून. आपल्याकडं अशी गाडी म्हणजे कुणा हौशी माणसानं बाहेरून आणलेली, खरं तत्त्व तेच आहे, फक्त बल्बच्या वाटेच्या जोडीला मोटरची दुसरी वाट येते. दिवा वर येतो पण पेटत नाही तर वर लिहिलेलं सगळं लागू, वर-खाली होताना सारखी वाकणारी वायर आधी बघा. पेटतो पण वर येत नाही तर मोटरची वाट, म्हणजे तिचा वेगळा फ्यूज, रिले, आणि मोटर कुठं थांबायची ते सांगणारा आतला कॉन्टॅक्ट. मोटरचा आवाज येतो आणि दिवा हलत नाही तर इलेक्ट्रिक सोडा, दांडी किंवा गिअर बघा. एकच बाजू वर येत असेल तर डाव्या-उजव्या मोटरचे प्लग जमत असतील तर अदलाबदल करून बघा, दोष प्लगबरोबर सरकला तर वायरिंग, जागेवर राहिला तर मोटर. मियाटात मोटरवर रबराच्या टोपीखाली हातानं फिरवायचा नॉब असतो, रात्री अडकलात तर त्यानं दिवा वर करता येतो, खरं आधी मोटरचा फ्यूज काढायचा, नाहीतर मधेच मोटर चालली तर बोटं जातील. आणि जुनी लोटस एलान किंवा सी-३ कॉर्व्हेट असेल तर मीटर बाजूला ठेवा, त्यांचे दिवे इंजिनच्या व्हॅक्यूमवर उचलतात, तिथं फाटलेली रबरी नळी शोधायची.

उजेड परत आला की शेवटी बीम सेट करायला विसरू नका, नाहीतर हायवेला समोरून येणारा तुम्हाला सारखा अप्पर मारत बसेल. सपाट जागेत भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारा, डिपरच्या उजेडाची वरची कापलेली कड त्या रेघेच्या साधारण साडेसात सेंटीमीटर खाली यायला पाहिजे, आणि डाव्या बाजूला ती वर चढलेली दिसली पाहिजे. उजवीकडं चढत असेल तर ती काच उजव्या बाजूनं चालवायच्या देशातली आहे, कितीही स्क्रू फिरवा, समोरच्याच्या डोळ्यातच जाणार. ती परत करून डावीकडच्या वाहतुकीची काच मागा.